नकाशात नसलेली पट्टी
ओल्या बांबूचा आंबूस वास आला की सालेकशाकडचा तो छोटा कागद कारखाना आठवतो. लगद्यासाठी बांबूचे तुकडे शिजवायच्या टाकीत सोडणारा नरसाळ्यासारखा पत्र्याचा हॉपर मी डिझाइन केला होता, आणि तो बनवला राईस मिलची कामं करणाऱ्या एका मिस्त्रीने. त्याने बाहेरून एक जाड लोखंडी पट्टी वेल्ड केलेली पाहून मी भडकलो, कारण नकाशात ती नव्हती. "काऊन चिडून राहिले साहेब? कामी पडते ते," एवढंच तो म्हणाला. पहिल्याच दिवशी ओले तुकडे हॉपरच्या तोंडाशी अडकले आणि खाली काहीच उतरेना. मिस्त्रीने हातोडा माझ्या हातात दिला. मी पट्टीवर चार ठोके मारले तसे तुकडे धडाधड उतरले. आता माझ्या प्रत्येक नकाशात ती पट्टी असते, आणि खाली सही माझ्या एकट्याची असते.