दोघींची एकच दृष्ट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी नाशिकला सिडकोत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. 'पुरावा दाखवा' या माझ्या वाक्याची मुलं नक्कल करून दाखवतात... तरीही हे लिहितेय. यात भूतबीत नाही. माझंच मन काळं आहे, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझी डावी पापणी पडायला लागली. दुपारनंतर फळ्यावरची एक ओळ दोन दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेट छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. पापणी तिच्यामुळेच पडत होती. हाड मधोमध कापूनच काढावी लागणार होती.

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर दिंडोरीची सुनंदा होती. द्राक्षबागायतदारांची सून, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचीही तीच गाठ, तोच सर्जन. फक्त तिची पापणी ठणठणीत. खोकल्यासाठी एक्स-रे काढला, त्यात गाठ सापडली होती.

ऑपरेशनं झाली, तपासणीचे रिपोर्ट आले. डॉक्टर तिला म्हणाले, "गाठीचं आवरण शाबूत होतं, अख्खी निघाली. आता फक्त अधूनमधून दाखवत राहा." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमची गाठ आवरण फोडून हृदयावरच्या पडद्याला चिकटली होती. दिसलं तेवढं सगळं काढलंय, पण रेडिएशन घ्यावं लागेल. घाबरू नका. मात्र ही गाठ कित्येक वर्षांनीही परत येऊ शकते, दरवर्षीचा सीटी चुकवायचा नाही."

"आणि पापणी?"

"तिला वेळ लागेल. काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षं."

मी जळले हो... अक्षरशः जळफळाट झाला. दहावीला हिला माझ्या निम्मे तरी मार्क पडले असतील का, आणि रिपोर्ट मात्र पहिल्या नंबराचा! तिच्याकडे बघून गोड हसले आणि मनात म्हटलं — एक दिवस हिची पापणी पडू दे, मग कळेल.

दोघींना घरी सोडलं त्या दुपारी, निघण्याआधी खाटेपाशीच, तिच्या सासूबाई, आक्का, दृष्ट काढायला बसल्या. मूठभर मीठ-मोहरी, सात लाल मिरच्या. सुनंदा म्हणाली, "आत्या, ताईंची पण काढा ना."

"मिरच्या एवढ्याच हायेत गं," आक्का म्हणाल्या. "असू दे. दोघी एकाच दुखण्याच्या, एकाच मुठीत उतरवते. ताई, आधी तुमची. पाहुण्याचा मान पयला."

एकावरून उतरवलेली मूठ दुसऱ्यावरून फिरवायची नसते. माझी आई प्रत्येकाची वेगळी घ्यायची, नाहीतर एकाची पीडा दुसऱ्याला लागते म्हणायची. मला पक्कं ठाऊक होतं. मी बोलले नाही. विज्ञानाच्या बाईनं असलं काय बोलायचं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला बोलायचंच नव्हतं. मूठ माझ्यावरून फिरली आणि तीच सुनंदावरून फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर माझी पापणी सरळ वर. नऊच्या सुमारास सुनंदाचा फोन आला. "ताई, माझा डावा डोळा उघडंना हो! आत्यांनी काल मिरच्या चुलीत टाकल्या, तर ठसका पण नाय आला. लय जबर दृष्ट व्हती म्हणे."

डॉक्टर म्हणाले, क्वचित कुणाला ऑपरेशननंतरही हा त्रास सुरू होतो. एखादीला लवकर आरामही पडतो. दोन्ही एकाच सकाळी? ते हसले, "योगायोग."

रेडिएशन संपल्यावर मी दिंडोरीला गेले. दृष्ट पुन्हा काढा, वेगवेगळ्या मुठींनी, एवढंच आक्कांना सांगायचं होतं. सुनंदा पापणी चिकटपट्टीनं वर चिकटवून बागेत घडांतले दाटीचे मणी कात्रीनं काढत उभी होती. मला बघून पुढे आली. "ताई, किती छान दिसतोय तुमचा डोळा!"

मी काही बोलायच्या आत आक्काच म्हणाल्या, "दोघींची परत काढू का? आज मिरच्या ढीगभर हायेत."

माझ्या मनात आलं, हिच्याकडे चांगला रिपोर्ट आहे, पापणी तरी माझ्याकडे राहू दे.

"आज नको," मी म्हणाले.

त्या सकाळी नेमकं काय झालं, मला अजून उलगडलेलं नाही. सुनंदा दर रविवारी फोन करते, आणि आधी माझ्याच डोळ्याची चौकशी करते.