मामा कोणाकडे पाहत होते?

"मी तुमच्याकडंच पाहून राह्यलो, ताई!"

मामांनी असं म्हटलं की आम्ही दोघीतिघी एकदम दचकायचो. कारण 'तुमच्याकडं' म्हणजे कोणाकडे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. उजवा डोळा पाहावा तर तो माझ्यावर. डावा पाहावा तर तो नाकाकडे वळून माझ्या शेजारच्या भाजीवालीवर. मान कोणी हलवायची? मग दोघीही हलवायचो आणि मामा कपाळावर हात मारून घ्यायचे.

जळगाव जामोदच्या भाजीबाजारात सकाळी हर्राशी होते, म्हणजे मालाचा लिलाव. शेतकरी माल आणून ओततात, घेणारे ढिगाभोवती कोंडाळं करतात आणि एक जण काठी घेऊन मधोमध उभा राहून बोली पुकारतो. तो पुकारणारा म्हणजे मामा. माझी खानावळ आहे, त्यामुळे रोज सकाळी पिशव्या घेऊन त्यांच्यासमोर उभं राहणं माझ्या नशिबी आलं.

तुम्ही कधी अशा हर्राशीला उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, की तिथं तोंडानं फारसं कोणी बोलत नाही. कोणी भुवई उडवतो, कोणी रुमाल झटकतो, कोणी नुसताच खाकरतो. आपली बोली शेजाऱ्याला कळू नये म्हणून ही सगळी नाटकं. पुकारणारा ज्याच्याकडे पाहून "सुटला!" म्हणेल, माल त्याचा. असल्या कामावर तिरळा माणूस कोणी ठेवला, असं तुम्ही विचाराल. मीही अडत्याला विचारलं होतं. तो हसून म्हणाला, "त्यायच्यामुळंच तं भांडनं होत नाईत, ताई. सरळ डोळ्याचा मानूस असला की लोकं माल सोडून त्याची नजर पाह्यतेत. कोन बोलून राह्यला ते समजलं की मुद्दाम खुन्नस काढतेत. मामाच्या नजरेचा पत्ताच लागत नाई कोनाले."

मला हे अर्धवट पटलं. कारण पत्ता घेणाऱ्यालाही लागत नसे. त्यावर मामांनी आपला एक उपाय काढला होता. "सुटला!" म्हणताना ते काठीचं टोक घेणाऱ्याच्या चपलेला लावायचे. चपलेला काठी लागली की माल तुमचा, मग कुरकुर करायची नाही. एकदा मी डास बसला म्हणून गाल खाजवला आणि काठी येऊन माझ्या चपलेला टेकली. कारल्याचा अख्खा ढीग! "मामा, मी बोललीच नाई वो," मी म्हटलं. "म्या दोन्ही डोळ्यानं पाह्यलं," मामा म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे गेले. त्या आठवड्यात माझ्या खानावळीत कारलं इतक्या रूपांत अवतरलं की कॉलेजची दोन पोरं डबा बंद करून गेली.

दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा मामांना मोठा अभिमान होता. हर्राशी संपली की खानावळीच्या ओट्यावर ताक पीत ते सांगायचे, "देवानं तुमाले एकाच बाजूचं देल्लं, ताई. मले एका टायमाले दोन्हीकडचं दिसते." आम्ही हे खरं मानत होतो. इतकी माणसं एका वेळी सांभाळणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

शिवाय त्यांचा डोळा शुभ होता. बाजारातल्या बायका सकाळी पहिली विक्री होण्याआधी म्हणायच्या, "मामा, जरा इकडं पाहा, बोहनी होऊ द्या." तिरळ्या डोळ्यात लक्ष्मी असते म्हणे. मला मात्र यातलं काही उलगडत नसे. एकाच डोळ्यानं दिसणारा, म्हणजे काणा माणूस सकाळी समोर आला की आमच्या गल्लीतल्या याच बायका पदर तोंडाला लावून मागे फिरत. देवाचा हा कुठला हिशेब, की डोळा गेला तर अपशकुन आणि नुसता वळला तर लक्ष्मी? एकीला विचारलं तर ती म्हणाली, "असं खोदून खोदून नाई विचारू वो." मग मी विचारणं सोडलं.

मामांची मुलगी खामगावला दिलेली. जावई जिनिंगमध्ये, मुलगी एका शाळेत स्वयंपाकाला. त्यांची एकुलती एक पोर, गुड्डी, पाच वर्षांची. तिचाही डावा डोळा नाकाकडे वळू लागला तेव्हा मामांनी बाजारात पेढे वाटले होते. "माह्यावर गेली," म्हणत होते. मीही एक पेढा खाल्ला.

पुढे एक दिवस ते खानावळीत आले ते चपला न काढताच. मुलीचा फोन आला होता. अंगणवाडीत डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या आणि त्यांनी गुड्डीला 'स्क्विंट' आहे असं सांगितलं होतं.

"ताई, तुमच्याकडं शिकेल लोकं जेवतेत. हे स्क्विंट काय बला हाये ते विचारा बरं."

जेवणाऱ्यांत बँकेचे साहेब होते. पुण्याचे. वरणावर टाकलेल्या आमच्या सांबाराला कोथिंबीर म्हणणारे. ते म्हणाले, "स्क्विंट म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. उन्हात बघतो ना आपण, तसं." कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "अहो नाही, स्क्विंट म्हणजे तिरळेपणा." साहेबांनी मोबाइल काढला. त्यात दोन्ही निघालं. वर आणखी अशीही माहिती निघाली की डोळा आत वळला तर इंग्रजीत एक शब्द, बाहेर वळला तर दुसरा आणि डॉक्टर लोक आपसात बोलताना तिसराच वापरतात, जो साहेबांनाही नीट म्हणता येईना. वरण गार झालं तरी दोघांचं मिटलं नाही.

मामा मात्र ऐकता ऐकता खुलत गेले. जन्मभर त्यांना 'चकण्या' या एका शब्दावर भागवावं लागलं होतं. शाळेत तोच, लग्नात तोच, भांडणात तोच. आणि इंग्रजांनी या डोळ्यासाठी शब्दांची रांगच लावून ठेवली होती! दुसऱ्या दिवसापासून बाजारात स्क्विंटचा सुळसुळाट झाला. वाकडं वांगं दिसलं की "हे स्क्विंट वांगं बाजूले ठेव." मोटारसायकलचा दिवा भलतीकडे उजेड टाकत असला की स्क्विंट. एका व्यापाऱ्याची नियत स्क्विंट. कोणी चकण्या म्हटलं तर छाती काढून सांगायचे, "चकन्या नाई बे, स्क्विंट म्हन. डॉक्टरी नाव हाये."

पण डॉक्टरीणबाईंनी नुसता शब्द सांगितला नव्हता. पोरीचा वळलेला डोळा काम करेनासा होतोय, असं त्या म्हणाल्या होत्या. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे दुसऱ्याला बघावंच लागेल. चष्मा लागेल, पुढे लहानसं ऑपरेशनही. आणि हे सगळं लहानपणीच, नंतर त्या डोळ्याची नजर परत येत नाही.

मुलगी गोंधळली. सासू म्हणाली, घरातल्या लक्ष्मीला पट्टी बांधता का? मुलीनं वडिलांना विचारलं आणि मामांनी ठणकावून सांगितलं, "काही नोको करू. मले काय झालं? जल्मभर हर्राशी केली या डोळ्यानं." बापाचा शब्द म्हणजे शेवटचा. पट्टीचं पाकीट तिनं फडताळात टाकलं. मला त्या डॉक्टरीणबाईंचं खरं वाटायचं आणि मामांना समोर पाहिलं की मामांचं. इतका धडधाकट पुरावा काठी घेऊन समोर उभा असल्यावर मी बापडी काय बोलणार?

दिवाळीला मुलगी माहेरी आली. एका दुपारी मामा गुड्डीला घेऊन ओट्यावर आले. पोरीच्या हातात ते पाकीट. आईनं ते फडताळातून काढून पिशवीत घालून आणलं होतं, तिथून हिनं पळवलं, खेळायला. चिकटणाऱ्या, कातडीच्या रंगाच्या पट्ट्या.

"आबा, तुमी लावा."

"लाव बापा."

गुड्डीनं एक पट्टी सोलली आणि मामांच्या उजव्या डोळ्यावर नीट दाबून बसवली. "डॉक्टर मॅडमनं चांगल्या डोळ्यावर सांगतलं," ती म्हणाली. मामा खो खो हसले. मीही हसले. आणि हसता हसता पाहिलं, तर त्यांचा डावा डोळा नाकापासून हळूच सुटला आणि मधोमध येऊन थांबला. अगदी सरळ माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मामा कोणाकडे पाहत आहेत.

"मामा, आता तं तुमी बराबर मलेच पाहून राह्यले!" मी म्हटलं.

मामांचं हसू थांबलं. त्यांनी हात पुढे केला, तो ताकाच्या पेल्याला लागला आणि पेला सांडला. त्यांनी खाली पाहिलंच नाही.

"ताई, तुमी कुठं हाये?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. "समोरच तं हाये. काऊन असं करता?"

"समोर काईतरी पांढरं हाये," मामा म्हणाले. "हालते. तोंड नाई दिसत."

माझं लुगडं पांढरं होतं. मी आणखी जवळ गेले. ते मान इकडं तिकडं करत होते, काचेवरची वाफ पुसावी तसा हात तोंडासमोर फिरवत होते. मग त्यांनी पट्टी ओढून काढली आणि मला पाहिलं, पेला पाहिला, पोरीला पाहिलं. एवढी वर्षं या माणसाच्या काठीवर अख्खा बाजार चालला, तो एका डोळ्यावर. आणि हे त्यालाही माहीत नव्हतं. दुसरा झाकून पाहायची वेळच कधी आली नव्हती.

"म्हंजे म्या कानाच होतो की वो, ताई," मामा म्हणाले.

म्हणजे लक्ष्मी की अपशकुन? ज्या बायका यांच्या नजरेनं बोहणी करत होत्या त्या आठवल्या आणि मला त्यांचा रागच आला. माझ्या त्या पेढ्याचाही आला.

मामांनी गुड्डीला मांडीवर घेतलं. तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला.

"बेटा, ताई दिसते का?"

"दिसते."

"नाक दिसते का ताईचं?"

गुड्डी बराच वेळ पाहत राहिली. माझं नाक कधी कोणी इतकं निरखलं नसेल. "पुसट पुसट दिसते," ती म्हणाली. "पन दिसते."

मामा उठले. ताकाचे पैसे नाहीत, निरोप नाही. पोरीला कडेवर घेऊन घरी गेले आणि संध्याकाळच्या बसनं मुलीला, नातीला आणि मामींनाही घेऊन खामगावला निघून गेले. दिवाळीचे दोन दिवस उरले होते.

ते परत हर्राशीला आले नाहीत. मुलगी-जावई कामावर जाणार, सासू पट्टीला हात लावणार नाही, मग दिवसभर पोरीजवळ बसायचं कोणी? म्हणून मामा तिकडेच राहिले. मामींनी मागून एकदा येऊन घराला कुलूप घातलं. बाजारात आता दुसरा माणूस पुकारतो. त्याचे दोन्ही डोळे सरळ आहेत. तो ज्याच्याकडे पाहतो त्याच्याकडे सगळे पाहतात आणि रोज एक तरी भांडण होतं.

गुड्डीचं ऑपरेशन अकोल्याला झाल्याचं कळलं. उन्हाळ्यात मी मोठी पातेली घ्यायला खामगावला गेले, तशी त्यांच्याकडे डोकावले. दुपार होती. ओसरीवर दोघं बसली होती, ताटात तुरीची डाळ पसरलेली. गुड्डीला चष्मा लागला होता, काचेमागे उजव्या डोळ्यावर पट्टी. ती डाळीतले खडे वेचत होती. मामांच्याही उजव्या डोळ्यावर पट्टी. ते नुसतेच बसले होते, हात मांडीवर, अनोळखी घरात बसावं तसे.

"मामा, तुमी काऊन लावली? तुमचा सुधरते म्हनते का डॉक्टर?"

आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "नाई वो. माह्या डोळ्याचं काई होत नाई म्हने आता. पन हे एकटी लावाले तयार नाई. रडते. म्या लावली की लावते."

"मंग रोज असंच बसता? काही न दिसता?"

"तिची उतरली की माही उतरते," मामा म्हणाले.

निघताना दोघं मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मामांचं बोट धरून पुढे गुड्डी. "आबा, नाली आली, पाय उचला." मामांनी एवढ्याशा नालीसाठी गुडघा पोटापर्यंत उचलला. "एवढा नोको," गुड्डी ओरडली. मग ती थांबली, मान पुढे करून रस्त्याच्या टोकाकडे पाहू लागली.

"आबा, ऑटो येऊन राह्यला. पिवळा. त्याच्यात बाई बसेल हाये."

मामा जागच्या जागी उभे राहिले. "खरंच हाये का, ताई?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

ऑटो अजून बराच लांब होता. पिवळा होता. आणि आत एक बाई बसलेली होती.

"हाव, मामा," मी म्हटलं. "हाये."

मामांच्या पट्टीची खालची कड ओली होऊन सुटायला लागली. गुड्डीनं त्यांना हाताला धरून खाली वाकवलं आणि आपल्या तळव्यानं ती पट्टी पुन्हा दाबून बसवली.

"रडू नोका, आबा," ती म्हणाली. "चिकटत नाई मंग."