चुंबळ निघाली ग्लासगोला

गेवराईहून चकलांब्याला जाणारी एसटी त्या सकाळी निम्मी रिकामी होती. गाव ऊसतोडीला गेलं होतं. आमच्या बीड जिल्ह्यात तोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, आणि दिवाळी झाली की असे शेकडो कोयते कारखान्यांकडे निघतात. मी मात्र त्याहून लांब निघाले होते. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि तिथून विमानानं ग्लासगो! मोटर न्यूरॉन डिसीज या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायचं मला आमंत्रण होतं. बीडमध्ये फिजिओथेरपी करणारी बाई, जिची लांबात लांब सहल गोव्याची, तिला! आठ दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. रिक्षावाले तर मला बघून दुसरीकडे तोंड फिरवायला लागले होते.

चकलांब्यात अंकुशभाऊ आणि कौसाताई राहतात. एकेकाळचा तगडा कोयता. तीन वर्षांपूर्वी भाऊंच्या हातातून ऊस निसटायला लागला. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. डोकं शाबूत राहतं, शरीर ऐकेनासं होतं. हात गेले, पाय गेले, मग मानच छातीवर पडायला लागली. मी दुकानातला गळपट्टा आणून दिला, तर आमच्या उन्हात त्याखाली घामानं फोड आले. तेव्हा कौसाताईंनी चुंबळ (मोळी वाहताना डोक्यावर ठेवतात ते कापडाचं कडं) जरा लांबट वळली, मानेमागून घेऊन जबड्याच्या दोन्ही बाजूंना टेकवली आणि मधे घशापाशी मोकळी ठेवली. मान वर! घासही सुखानं गिळता यायला लागला. पदवी माझ्याकडे होती आणि अक्कल त्यांच्याकडे. तीच चुंबळ मला परिषदेत दाखवायची होती.

कौसाताईंनी ती कागदात गुंडाळून ठेवलेलीच होती. सोबत फडक्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं.

“धपाटे हायेत, अन् शेंगदाण्याची चटणी. तितं काय मिळंल न मिळंल.”

अंकुशभाऊंचं बोलणं आता जड झालंय. मी निघताना ते म्हणाले, “मॅडम... औषध... इचारून या.”

“विचारते, भाऊ.”

“तितं... असतंय. मोठ्या देशात. इकडं... पोचत न्हाई, एवढंच.”

आजाराची चाल थोडी मंदावणारी गोळी ते घेत होते. बरं करणारं औषध जगात कुठंच नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडावर ते सांगायचा धीर मला तीन वर्षांत झाला नव्हता. त्या दिवशीही झाला नाही. नुसती मान हलवून मी एसटी पकडली.

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग अडवली. तपासणीच्या बाईंनी कागद सोडला आणि त्यांच्याआधी मीच चकित झाले. आत लालभडक, जरीच्या काठाची चुंबळ!

“हे काय आहे, मॅडम?”

“चुंबळ.”

“ते दिसतंय हो. मी साताऱ्याचीच आहे. घागर कुठाय?”

त्या हसल्या, मीही हसले, आणि पलीकडे जाताच कौसाताईंना फोन लावला.

“ही कोणती चुंबळ दिलीत?”

“लग्नातल्या शालूची वळलीय. भारी हाय का न्हाई?”

“अहो, भाऊंची रोजची कुठाय?”

“ती जुनेराची?” (जुनेर म्हणजे वापरून वापरून विरलेलं लुगडं.) “परदेशात जुनेर धाडू का म्या? गावाची काय इज्जत हाय का न्हाई?”

आमच्याकडे पाहुण्याला कान तुटलेला कप देत नाहीत, तर परमुलखात जुनेर कसं जाईल! चालेल ही, अशी मी मनाची समजूत घातली.

ग्लासगोत उतरले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि दिवेलागण झाली होती. थंडी अशी की नाक जागेवर आहे ना ते चाचपून बघावं. काळपट लाल दगडाच्या इमारती, ओले चकचकीत रस्ते, आणि अनोळखी माणसाशीही हवापाण्यावर भरभरून बोलणारे लोक. त्यांचं इंग्रजी मला चारातलं एक वाक्य कळायचं, पण हसून मान डोलावली की भागत होतं. सकाळी हॉटेलात ओटची पेज मिळाली, मीठ ना तिखट. मी तीत चटणी कालवली. शेजारच्या टेबलावर ब्राझीलची एक डॉक्टर होती. वास येताच तिनं वाटी पुढे केली, आणि दोन दिवसांत आम्ही दोघींनी सगळे धपाटे संपवले. फडकं मी धुऊन हीटरवर वाळवलं आणि पर्समध्ये ठेवलं. दिलेलं फडकं परत करायचं असतं.

परिषदेत तर मी जत्रेत आलेल्या पोरीसारखी फिरले. डोळ्यांच्या हालचालीनं यंत्राकडून बोलून घेणारा एक माणूस मला चक्क ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला! प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ, नर्स, रुग्ण, त्यांची माणसं, सगळी एकाच चहाच्या रांगेत. माझी वही दुसऱ्याच दिवशी भरली.

मग माझी दहा मिनिटं आली. चुंबळ लावून बघायला मॉरीन पुढे झाल्या. घरोघर टपाल वाटण्यात आयुष्य गेलेल्या या बाई याच आजारानं आता चाकाच्या खुर्चीत होत्या. गळपट्टा असूनही त्यांची नजर जमिनीकडेच होती. मी तो काढून शालूची चुंबळ लावली. ती सुळकन घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली, वर जरीचा काठ जबड्याला टोचला. त्यांची मान छातीवर लोंबत होती आणि अख्खं सभागृह बघत होतं. घाम पुसायला पर्समध्ये हात घातला, तर हाती ते फडकं आलं. मऊसूत, हिरवं, चांगलं दोन हात लांब. बोटांना आधी कळलं, मग मला. हे जुनेरच होतं! भाऊंची रोजची चुंबळ ज्या लुगड्याची, त्याचाच हा दुसरा तुकडा. इज्जतीखातर घरी ठेवलेलं जुनेर धपाटे बांधून माझ्याआधीच विमानात बसलं होतं.

मी एक टोक पहिल्या रांगेतल्या ब्राझीलवालीच्या हातात दिलं आणि कौसाताईंसारखा पीळ भरत गेले. चुंबळ बसली. मॉरीन यांची मान वर आली आणि तिथंच थांबली. त्यांनी आधी पार मागच्या रांगेपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे.

“अच्छा,” त्या म्हणाल्या, “अशी दिसतेस होय तू!”

टाळ्या किती वाजल्या ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते.

भाऊंचा प्रश्न मी विसरले नाही. चहाच्या रांगेत चार शास्त्रज्ञांना विचारला. चौघांनी सरळ उत्तर दिलं. शोध जोरात चालू आहे, पण अजून नाही. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

निघायच्या दिवशी मॉरीन यांनी मला एक उशीचा अभ्रा दिला. “फडकं मी देणार नाही. हा घे. वर्षानुवर्षं धुतलाय. जिचं ते फडकं, तिला म्हणावं, बदलायला अजून एक करून पाठव.”

परतल्यावर तिसऱ्याच दिवशी चकलांबा गाठलं. दारातच कौसाताईंनी विचारलं, “फडकं आणलं का?”

“नाही. ते एका बाईंच्या मानेला राहिलं.”

घडलेलं आणि मॉरीन यांचा निरोप सांगितला तशी त्यांनी कपाळाला हात लावला. “आरं देवा, जुनेर गेलंच व्हय!” मग अभ्रा बोटांत चोळून पाहिला आणि जरा सावरल्या. “लई धुतलंय. चांगलं हाय.”

मी भाऊंसमोर फोन धरून मॉरीन यांचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “औषध?”

या वेळी मी मान हलवली नाही. “विचारलं, भाऊ. अजून कुठंच नाही.”

कौसाताईंचे हात अभ्र्यावर थांबले. भाऊंनी पुन्हा पडद्यावरच्या मॉरीनकडे पाहिलं.

“हिला बी... न्हाई?”

“त्यांनाही नाही.”

ते चिडतील, रडतील, मला काहीतरी बोलतील, असं वाटून मी खाली बघत बसले. तीन वर्षं लपवलेलं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

“कौसा,” ते म्हणाले.

“काय?”

“जरा... जाड वळ. हिची मान... लांब हाय.”

कौसाताईंनी पदरानं डोळे पुसले, अभ्रा उसवला आणि एक टोक माझ्याकडे केलं. “धरा, मॅडम.”

मी धरलं.