ओलावा कापसात नव्हता

आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्याही अंधश्रद्धा असतात. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबला तर आम्ही हसतो, पण पुस्तकात छापलेल्या आदर्श सर्किटापुढे हात जोडून उभे राहतो. ग्राउंड म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्टच. कॉम्प्युटरवर सर्किट चाललं म्हणजे टेबलावर चालणारच. आणि बोर्डावर जिथे तांब्याची रेघ नाही तिथून करंट जाणं शक्यच नाही. डिग्रीसोबत या समजुती फुकट मिळतात आणि निवृत्तीपर्यंत टिकतात. त्यांच्या आहारी न गेलेलं एकच माणूस मी पाहिलं, आमच्या मॅडम.

वर्ध्यात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मी तिथेच काम करतो. आम्ही कापसातला ओलावा मोजणारे मीटर बनवतो. मॅडमचा एक रिवाज आहे. बिघडलेलं सर्किट घेऊन कुणी आलं की मल्टिमीटरला हात लावायचा नाही. आधी तोंडाने सांगायचं, आपण काय काय धरून चाललो आहोत ते. नव्या इंजिनिअरला हा अपमान वाटतो. पण बोलता बोलताच त्याची जीभ अडखळते आणि चूक त्याची त्यालाच दिसते. तेव्हा मॅडम मुद्दाम खिडकीबाहेर बघत चहा पीत असतात, म्हणजे त्याला संकोच वाटू नये. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल.

मागच्या हिवाळ्यात हिंगणघाटच्या एका जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, मालकांचा फोन आला. त्यांनी आमचेच मीटर घेतले होते. सकाळी वडनेरच्या एका शेतकऱ्याची कापसाची गाडी मीटरने ओली ठरवली, म्हणून त्यांनी ती परत पाठवली. कापूस कोरडा आहे म्हणून तो शेतकरी फाटकात भांडून गेला. असं रोज सकाळी होत होतं. मालकांनी स्पष्टच सांगितलं की आजच्या आज काय ते दाखवा, नाहीतर सगळे मीटर उचलून न्या. त्यांनी मीटर परत केले तर आसपासच्या जिनिंगही तेच करणार, हे आम्हाला कळत होतं. आमचं वर्कशॉप त्या मीटरांवरच चालतं.

एसटीत मी मॅडमना कारण समजावून सांगत होतो. सकाळचं दव पडतं, कापूस उघड्या गाडीत येतो, शिवाय वजन वाढवायला पाणी शिंपडणारेही असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं: चिपच्या इनपुटला करंट जात नाही, बोर्डावरून करंट गळत नाही, सिम्युलेशन बरोबर आलं आहे.

"अन् मीटर खरं बोलते, हेही धरूनच चालून राह्यला ना तू?" त्या म्हणाल्या.

जिनिंगमध्ये मीटर रात्रभर उघड्या शेडमध्येच असायचा, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिथे अजून ऊन आलं नव्हतं. मॅडमनी त्याच्या दोन्ही सुया कापसातून काढल्या आणि मला हवेत धरायला सांगितल्या. सुयांमध्ये काहीच नाही, म्हणजे आकडा तळाला हवा. मीटर मात्र ओलावा दाखवत होता. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर माझ्याकडे बघत होता आणि मी आकड्याकडे.

कापूस जितका ओला तितका त्यातून जास्त करंट जातो, त्यावरूनच मीटर ओलावा मोजतो. कोरड्या कापसातून जाणारा करंट इतका बारीक असतो की त्याच्या जोडीला दुसरी चोरवाट असली तरी हिशेब बिघडतो. मॅडमनी झाकण उघडलं. बोर्डावर सोल्डर करताना वापरलेल्या फ्लक्सचा राळेसारखा पातळ थर राहिला होता. रात्रीच्या दवाने तो ओलसर झाला होता, आणि जिथे तांबं नव्हतं तिथूनही करंट वाहत होता. दुपारी उन्हाने थर वाळला की मीटर शहाणा व्हायचा. मॅडमनी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, उन्हात ठेवला. आकडा तळाला गेला.

त्यांच्या जागी मी असतो तर 'किरकोळ दुरुस्ती होती' म्हणून मोकळा झालो असतो. मॅडम मालकांसमोर, ग्रेडरसमोर आणि रांगेतल्या शेतकऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"कापूस ओला नोता. आमचा मीटर ओला होता. डिझाइन माह्यं आहे. फ्लक्सच्या डब्यावर 'धुवायची गरज नाही' लिहिलं होतं, मी ते खरं धरलं. सकाळचे जेवढे परत पाठवले, त्याइले बोलवा."

वडनेरचा शेतकरी लांब गेला नव्हता. हायवेवरच्या चहाच्या टपरीपाशी गाडी लावून, आता कुठे न्यावी या विचारात बसला होता. फोन केल्यावर तो आला. मॅडमनी त्याच्या गाडीवर चढून स्वतः सुया खुपसल्या आणि आकडा त्याच्यापुढे धरला. कापूस चांगला कोरडा होता. त्यांनी त्याची माफी मागितली. तो ओशाळल्यासारखा झाला. "राहू द्या ना बाई, मशीनच आहे ते," म्हणाला आणि गाडी वजनकाट्याकडे नेली. मी खाली मान घालून बोर्डाचे स्क्रू बसवत राहिलो.

सगळे पांगल्यावर मालक हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलल्या नसत्या तं कोणाले समजलं नसतं."

"ज्याचा कापूस होता त्याले समजलंच होतं," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी सगळे मीटर खोक्यात भरायला लावले. आता धंदा गेला म्हणून मी खोकं उचललं, तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला.

"धुवून इथंच आणजा," ते म्हणाले. "मले दुसऱ्याचे मीटर नाई पाहिजे."