आज यांनी ठेवणीतले शर्ट काढले

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

इथे परदेशात, ट्रॉय गावी, आमच्या घरात एकच भांडण, यांच्या शर्टांचं. कपाट कोंबून भरलेलं, निम्म्यांच्या तर टाचण्याही निघालेल्या नाहीत. का, तर ते ठेवणीतले, कुठल्यातरी कार्याला घालायचे! मी म्हणायचे, "अहो, किती झाले! डोनेशनला द्या." हे म्हणायचे, "आधी तुझ्या साड्या मोज."

आज चहा घेऊन वर गेले, तर हे स्वतःच शर्ट पिशवीत भरत होते. सगळ्यात वर तो क्रीम रंगाचा, नातीच्या लग्नासाठी ठेवलेला. नात अजून कॉलेजात आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी चहा बाजूला ठेवून तो शर्ट पिशवीतून उचलला.

"अहो, हा लग्नासाठीचा ना?"

"कशाला उगाच जागा अडवायची? नंतर तुलाच आवरत बसावं लागेल."

"नंतर म्हणजे कधी?"

यांनी हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "परवा डॉक्टरांनी एक टेस्ट केलीय. रिपोर्ट शुक्रवारी येईल. घाबरशील म्हणून बोललो नाही."

मी पिशवी पलंगावर उलटी केली आणि सगळे शर्ट परत कपाटात कोंबले. हे म्हणाले, "आता दार लागत नाही म्हणून ओरडू नकोस हं."

दार खरंच लागत नाहीये. लागू नये असंच वाटतंय.

शुक्रवारपर्यंतचे दिवस कसे काढायचे हो? तुमच्यापैकी कुणी असे काढले असतील, तर सांगा ना.