पांढरे बूट

काल नव्या बुटांचा खोका उघडला आणि रबर-गोंदाचा तो वास नाकात गेला. घरात बसल्या बसल्या मी आमच्या उसाच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. रविवारी दौंडहून गाडी धरायची, पुण्यात कॅम्पात उगाच हिंडायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हाच शौक. कानांवर मशीन मारलेले केस, घोट्याच्या वर संपणारी जीन्स, कानात रॅप. त्या रविवारी पांढरेशुभ्र बूट घेतले आणि घालूनच गाडीत बसलो.

आप्पा, माझे वडील, मोटारसायकल घेऊन स्टेशनावर आले होते. बूट बघून म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरात बगळा जन्माला आला म्हणायचा!"

आमच्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. उसाला सोडलेलं पाणी पाट फुटून वाटेवर आलं होतं. दोन्ही बाजूंना बाभळी आणि मधे घरापर्यंत नुसता काळा चिखल.

"बूट काढ," म्हणत आप्पांनी स्वतःच्या चपला माझ्यापुढं सरकवल्या.

"आन् तुम्ही?"

"मला सवय हाय."

माझे बूट काखोटीला मारून ते अनवाणी पुढं निघाले. मी कानातला इअरफोनसुद्धा काढला नाही.

आता ती वाट सिमेंटची झाली आहे. त्या संध्याकाळी कानात वाजत होतं ते गाणं मी आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवीन. आप्पांच्या पायात काटा मोडला होता का, ते मात्र विचारायचं राहिलं.