तळाचा एक चमचा

माझी नणंद हिल्का म्हणजे हट्टाचं गाठोडं. सत्तरी गाठली तरी नऊ गाईंच्या धारा स्वतः काढायची, आणि कुणी मदतीला गेलं की हाकलून लावायची.

त्या वसंतात तिच्या पायाला धावरं झालं, कातडी लाल होऊन पाय सुजला. तीन आठवडे अँटिबायोटिक घेतलं. पाय बरा झाला, पण पोटाने दावा धरला. घोटभर काही प्यायली तरी पळावं लागे. पलंग ते संडास अकरा पावलं, महिनाभर तिचं जग तेवढंच. समोर गोठा दिसायचा, पण अंगण ओलांडायची हिंमत नव्हती. तपासण्यांत भयंकर काही निघालं नाही. नर्सबाई म्हणाली, वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेलेत, त्यांची भर घालून बघा. तिने कॅप्सूलची बाटली दिली. हिल्काने ती खिडकीत ठेवून दिली. म्हणे, गोळीनेच वाट लावली, आता गोळीच तारणार होय? माझी व्हीली आहे की.

व्हीली म्हणजे आमचं फिनलंडचं तार धरणारं दही. हिल्काच्या घरचं विरजण तिच्या आईने युद्धात रशियाने घेतलेला कारेलिया प्रांत सोडताना कापडावर वाळवून आणलेलं. वाडगा कितीही आवडीने खा, तळाशी एक चमचा राखायचा, त्यावर उद्याचं दूध. आणि ते घराबाहेर द्यायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मागितलं, तर फणकारली, तुझ्या माहेरी नाही का? मला असा संताप आला की तिच्याकडे जेवताना वाडगा मांडीवर घेऊन टेबलाखाली रुमालाचं टोक त्यात बुडवलं आणि घरी येऊन दुधात टाकलं. चौतीस वर्षं ते माझ्याकडे नांदतंय. हिल्का येताना दिसली की वाडगे कपड्यांच्या कपाटात. माझ्याच घरात मी चोर.

एका सकाळी गेले तर ती टेबलाशी रडत बसलेली. हिल्का आणि रडणं! समोरच्या वाडग्यात दूध पातळच. दोनदा लावलं, दोनदा लागलं नाही, शेवटचा चमचाही त्यातच गेला.

"आईचं विरजण माझ्या हातून मेलं, सैमी. इथे कोंडून पडलेय, तेवढा एक आधार होता."

दूध कुठल्या गाईचं, मी विचारलं. कास सुजलेल्या तांबडीचं. तिला अँटिबायोटिकची सुई टोचलेली. असलं दूध डेअरी घेत नाही, ओतून द्यायचं असतं. पण थेंब वाया गेला तरी हिल्काचा जीव तुटतो. आजारपणात धारा काढणाऱ्या लेकाला दम भरून तिने किटली स्वयंपाकघरात आणवली होती.

"अहो वन्सं, ज्याने तुमचं पोट बिघडलं, तेच विरजणाला पाजलंत."

तिने वाडगा दोन्ही हातांनी दूर सारला. मला ते बघवेना, म्हणून मी उठून घरी आले आणि कपाटासमोर बसून राहिले. सांगावं तर तोंड काळं होणार. न सांगावं तर ती त्या अकरा पावलांत खंगणार. दुपारी वाडगा उचलला आणि गेले.

पहिल्याच चमच्याला तार लांबली. हिल्काने ती बघितली, मग मला.

"हे कुठलं?"

"तुमचंच. लग्नाच्या वर्षी चोरलं."

ती खात राहिली. तळ आला तरी थांबेना, बोटाने कडासुद्धा पुसल्या.

"वन्सं, चमचाभर तरी ठेवा विरजणाला."

"नको. एकटीच्या हाती ठेवलं म्हणून मेलं. तुझ्याच घरी राहू दे." मग तोंड पुसत म्हणाली, "आणि कपाटातून बाहेर काढ, बाई. चर्चमध्ये शेजारी बसलं की तुझ्या कोटाला व्हीलीचा वास येतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज वाडगा घेऊन मी जात राहिले. व्हीलीने गुण आला की नुसत्या दिवसांनी, देव जाणे. जूनमध्ये एका सकाळी दार वाजलं. हिल्का, गोठ्यातल्या बुटांसह, अंगण आणि अख्खं शेत ओलांडून. टेबलाशी बसली, वाडगा ओढला, निवांत खाल्लं. जाताना वाडगा माझ्याकडे सरकवला. तळाशी एक चमचा राखलेला होता.